चित्रकार व्हायला किती वर्षे लागतात?



आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील चित्रकला स्पर्धेत पहिला नंबर आलेल्या मुलीचे वडील मध्यंतरी माझ्याकडे आले. मुलगी बारावीत आहे आणि तिला बी.एफ.ए. करायचे आहे. "काका, तुम्ही बँकेत होतात. तुम्हीच सांगा, यात पोट भरतं का?" मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, पण चित्रकाराचा अर्ज माझ्या टेबलावर कधी आला नाही. लगेच उत्तर सुचेना. म्हणून आपल्याच माळव्यातला एक माणूस कसा घडला, ते वाचून काढले.

नारायण श्रीधर बेंद्रे १९१० साली इंदूरला जन्मले. तिथे १९२७ मध्ये होळकर संस्थानचे चित्रकला विद्यालय निघाले होते आणि द. दा. देवलालीकर त्याचे प्रमुख होते. ते मुलांना वर्गात कोंडून ठेवत नसत. रस्ते, घाट, झाडे, माणसे यांच्यासमोर बसून रंगवायला लावत. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फोटोवरून काढताना कॅमेऱ्याने निवड आधीच केलेली असते. उघड्यावर बसले की काय घ्यायचे आणि काय सोडायचे, ते आपल्याला ठरवावे लागते, तेही ऊन सरकायच्या आत. त्यामुळे हात जलद आणि मोकळा होतो. एम. एफ. हुसेन, दे. ज. जोशी, विष्णु चिंचाळकर हेही याच शाळेचे विद्यार्थी.

बेंद्र्यांनी चित्रकला शिकतानाच १९३३ साली आग्रा विद्यापीठाची बी.ए. पदवीही घेतली. हे वाचून माझ्यातल्या बँकवाल्याला बरे वाटले, खोटे कशाला बोलू! मुंबईची चित्रकलेची पदविकाही त्यांनी त्याच सुमारास मिळवली. पण पदविका म्हणजे काही कमाई नव्हे. १९३६ पासून तीनेक वर्षे त्यांनी काश्मीरच्या पर्यटन खात्यात चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरी केली. बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले ते १९४१ मध्ये. पुढे १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते चित्रकला विभागाचे प्रमुख आणि नंतर अधिष्ठाता झाले. १९६६ मध्ये ती नोकरी सोडली, तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग पगार एका हाताने आणि चित्र दुसऱ्या हाताने! १९६९ मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये पद्मभूषण.

हुसेन यांचा रस्ता वेगळा. मुंबईत त्यांनी सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून पोट भरले. आणि धारला स्थायिक झालेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मागणीनुसार पुतळे घडवत. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांचाच. धारचे लोक त्यांचा स्टुडिओ अजून दाखवतात.

हे सगळे मी त्या वडिलांपुढे मांडले. चित्र विकून घर चालण्याआधी दहा-बारा वर्षे धरावी लागतील. तेवढ्या काळात शिकवणे, पुस्तकांची चित्रे, जाहिरातींचे काम, मंदिर-सभागृहांच्या भिंती, यांतले काहीतरी करावे लागेल आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. रंग आणि कॅनव्हास स्वस्त नाहीत, म्हणून पहिल्या वर्षापासून खर्चाची वही ठेवावी. चित्राची किंमत सांगताना साहित्याबरोबर आपले दिवसही मोजावेत; आपली मुले इथेच लाजतात आणि नातेवाईक फुकट पोर्ट्रेट घेऊन जातात. (मीही एक घेतले आहे. पैसे अजून द्यायचे आहेत.)

मुलीला मी एवढेच विचारले, की रोज काढतेस का? तिने तीन वह्या आणून दाखवल्या. उदयनगरचा आठवडी बाजार, बकऱ्या, चहाच्या टपरीवर बसलेली माणसे. आजीचे हात तर बावीस वेळा काढले होते. विसाव्या वेळचे हात खरोखर आजीचे वाटत होते.

वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. पण येत्या रविवारी ते तिला इंदूरची देवलालीकर कला वीथिका दाखवायला नेणार आहेत, मीही जातो आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कोणाच्या मुलांना यायचे असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत मला कळवावे.