थ्री नॉट थ्रीचे मूळ रूप

जुनी लष्करी रायफल मूळ रूपात आणायला घेतली की पहिला प्रश्न उभा राहतो तो तारखेचा. मूळ रूप म्हणजे नेमके कोणत्या दिवशीचे रूप? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीचे, पलटणीत मिळाली त्या दिवशीचे, की पोलिसांच्या शस्त्रागारातून बाद झाली त्या दिवशीचे? भारतात हा प्रश्न सर्वांत जास्त पडतो तो ली-एनफिल्डच्या बाबतीत, म्हणजे फौजेत आणि पोलिसांत ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने ओळखल्या गेलेल्या रायफलीच्या बाबतीत. पुणे जिल्ह्यात नीरेच्या काठच्या बावड्यासारख्या गावात परवान्याची बंदूक म्हटली की बाराबोर किंवा ठासणीची आठवते. थ्री नॉट थ्री तिथे घरात नसे, सरकारी माणसाच्या खांद्यावर असे. इंदापूर-बारामती भागातल्या जुन्या माणसांनी ती पाहिली ती बंदोबस्तावर.

या रायफलीचा बोल्ट आणि मॅगझिन जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत कामाला आलेल्या कारागिराच्या कल्पनेतले. ब्रिटिश फौजेने 1888 मध्ये ली-मेटफर्ड स्वीकारली. धूरविरहित कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने मेटफर्डच्या नळीतले उथळ आटे लवकर झिजू लागले, तेव्हा 1895 मध्ये एनफिल्डच्या कारखान्याने आखलेले खोल आटे आले आणि नाव ली-एनफिल्ड झाले. 1907 मध्ये आखूड नळीची मार्क थ्री रायफल ठरली. नळी सुमारे 64 सेंटिमीटर, एकूण लांबी 113 सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे. नळीच्या आत डावीकडे पीळ असलेले पाच आटे. नळीच्या पोकळीचा व्यास इंचाच्या हजारातल्या 303 भागांचा, म्हणजे 7.7 मिलिमीटर, नाव त्यावरूनच पडले. सर्व नमुने मिळून जगात अशा दीड कोटीहून जास्त रायफली झाल्या.

भारतातल्या रायफली घडल्या त्या हुगळीच्या काठी इशापूरला. जुन्या दारूखान्याच्या जागेवर विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे रायफलीचा कारखाना उभा राहिला. काडतुसांचा एक मोठा कारखाना महाराष्ट्रात, पुण्याजवळ खडकीला होता. तो 1869 चा. खडकीच्या पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे ठोकलेली असतात. दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणींच्या जवानांनी हीच जातकुळी हाताळली. 1962 च्या चीन युद्धातही भारतीय जवानांच्या हाती मुख्यतः हीच रायफल होती. त्यानंतर फौजेने ती सोडली, पण पोलीस आणि होमगार्डकडे ती पुढे कित्येक वर्षे राहिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींना तोंड देणाऱ्या पोलिसांपैकी काहींच्या हातीही थ्री नॉट थ्रीच होती.

एवढ्या दीर्घ नोकरीत कोणतीही रायफल जशीच्या तशी राहत नाही. म्हणून कामाची सुरुवात पान्याने होत नाही, वाचनाने होते. दस्त्याच्या मानेशी उजव्या बाजूला धातूच्या पट्टीवर राजमुकुट, सम्राटाची आद्याक्षरे, ‘इशापूर’, वर्ष आणि नमुना कोरलेला असतो. अनुक्रमांक चेंबरभोवतालच्या कड्यावर असतो, नळीवर असतो, बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी असतो. नेम धरायच्या मागच्या दर्शिकेच्या पानाच्या खालच्या अंगाला, संगीन जिथे चढते त्या तोंडाच्या टोपीवर आणि पुढच्या लाकडावरही तो ठोकलेला असतो. हे सगळे आकडे जुळले तर ते तुकडे एकत्रच नोकरीला लागले असे धरता येते. बहुधा ते जुळत नाहीत. बोल्ट एका रायफलीचा, टोपी दुसरीची आणि लाकूड तिसरीचे, अशी अवस्था जास्त आढळते. कारण हत्यारे दुरुस्त करणाऱ्या आर्मररसमोर दहा बिघडलेल्या रायफली असत आणि त्यातून सात चालत्या करायच्या असत. असा प्रत्येक वेगळा आकडा त्या रायफलीच्या चरित्रातली एकेक नोंद आहे.

काही बदल फौजेनेच हुकूम काढून केले. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी 1916 मध्ये मार्क थ्रीवरचे काही भाग गाळण्यात आले: मॅगझिनवर आडवी सरकणारी पट्टी, लांब पल्ल्याच्या सामुदायिक माऱ्यासाठी लाकडाच्या डाव्या बाजूला बसवलेली तबकडी आणि वाऱ्याचा हिशेब करून डावी-उजवी सरकणारी दर्शिका. अशा रायफलीच्या नावापुढे तारा येतो. तारा असलेल्या रायफलीला हौसेने तबकडी आणून लावली, तर जी रायफल कधी अस्तित्वातच नव्हती ती तयार होते. भारतीय रायफलींवर आणखी एक खूण दिसते. पुढचे लाकूड तडकू नये म्हणून त्यातून आरपार घातलेला आडवा स्क्रू. पाश्चात्त्य संग्राहक त्याला दोष समजून काढतात आणि भोक बुजवतात. तो स्क्रू म्हणजे उष्ण हवेत लाकूड कसे वागते याचा इथल्या कारागिरांनी घेतलेला अनुभव आहे. तो काढणे म्हणजे तो अनुभव पुसणे.

सर्वांत मोठा बदल पोलिसांसाठी झाला. इंग्रजी अमदानीत आणि नंतरही इशापूरने कित्येक रायफलींचे रूपांतर .410 च्या मस्केटीत केले. नळी गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला आणि एका वेळी एकच काडतूस भरता येईल अशी व्यवस्था केली. पोलिसाच्या हातून हत्यार हिसकावले गेले, तरी घेणाऱ्याला त्यातून फौजेचे काडतूस झाडता येऊ नये हा त्यामागचा हिशेब. अशी मस्केट समोर आली की दुरुस्तीचा विचार करणाऱ्याची खरी परीक्षा होते. बाहेरून ती मार्क थ्री दिसते. पण तिचे हे दुसरे रूपही सरकारने, कारखान्यात, छाप मारून दिलेले आहे. आणि राज्यकर्त्यांचा आपल्याच पोलिसांवर किती विश्वास होता हे त्या लाकडी ठोकळ्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

वाचन संपले की खोलणे. या रायफलीच्या रचनेत एक अडून बसणारी जागा आहे आणि अनाडी हाताने केलेले बहुतेक नुकसान तिथेच होते. मागचा दस्ता आणि पुढचे लाकूड हे दोन वेगळे तुकडे. दस्त्याचे टोक पोलादी खोबणीत शिरते आणि दस्त्याच्या पोटातून जाणारा एक लांब बोल्ट त्याला आवळून धरतो. या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते. ते खोबणीतून किंचित बाहेर येऊन पुढच्या लाकडाच्या मागच्या अंगाला बसवलेल्या एका छोट्या पट्टीत अडकते. गोळीबाराच्या हादऱ्याने बोल्ट आपोआप फिरून सैल होऊ नये म्हणून ही योजना. त्यामुळे पुढचे लाकूड जागेवर असताना दस्त्याचा बोल्ट फिरवला, तर चौकोनी टोक त्या पट्टीला फिरवू पाहते आणि शंभर वर्षांचे लाकूड उभे फाटते.

दुसरा सापळा दस्त्याच्या आत आहे. बुडाच्या पितळी पत्र्यातले झाकण उघडले की तेलाची पितळी बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ठेवण्याची पोकळी दिसते. तिच्या तळाशी, बोल्टच्या डोक्यावर, चामड्याची एक चकती दाबून बसवलेली असते. ती न काढता लांब पेचकस घातला, तर तो चामड्यात रुततो, पाते बोल्टच्या खाचेत बसत नाही आणि दाब लाकडावर येतो. म्हणून क्रम ठरलेला आहे. तोंडाची टोपी, मधला पट्टा, वरची लाकडी आच्छादने, मॅगझिन, चापाभोवतालच्या कमानीचे स्क्रू, मग पुढचे लाकूड सरळ खाली. आणि चामड्याची चकती बाहेर काढल्यावर, सर्वांत शेवटी, दस्ता. जुना आर्मरर हा क्रम पुस्तकातून शिकत नसे. वरिष्ठाच्या हाताखाली काम करताना तो हाताला लागे.

पुढचे लाकूड उतरले की या रायफलीची नेमबाजी कशावर उभी आहे ते दिसते. नळी लाकडात नुसती ठेवलेली नसते. मध्यावर आतून एक कडे तिला स्प्रिंगच्या ताणाने खाली धरते. तोंडाजवळ एक छोटी खुंटी, तीही स्प्रिंगवर, तिला खालून वर उचलते. मागे, जिथे लाकूड पोलादी अंगाला टेकते, तिथल्या दोन्ही गालांनी प्रत्येक गोळीचा धक्का सारखा झेलायचा असतो. एक गाल झिजला तर धक्का दुसऱ्यावर येतो आणि लाकूड तडकते. चापाच्या कमानीच्या पुढच्या स्क्रूभोवती एक बारीक पोलादी नळकांडे असते. स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड चिरडू नये एवढेच त्याचे काम. जुन्या रायफलींत हे नळकांडे, खुंटी आणि तिची स्प्रिंग हमखास हरवलेली असतात, कारण बाहेरून ती दिसतच नाहीत. सांधा पुन्हा बसवताना झिजलेल्या गालावर तशाच जातीच्या लाकडाची पातळ चकती चिकटवतात, पोलादावर काजळी लावतात, लाकूड बसवून पुन्हा काढतात आणि काजळीचा डाग जिथे उमटला तिथलेच लाकूड खरवडतात. डाग दोन्ही गालांवर सारखा उमटेपर्यंत हे चालते. घाईला इथे जागा नाही.

लाकडाला पॉलिश कागद लावायचा नाही, हा या कामातला सर्वांत मोडला जाणारा नियम. कागदाने डाग जातात, तशा तपासनिसांच्या ठोकलेल्या मुद्राही जातात आणि लाकूड पोलादाच्या पातळीखाली उतरते. पोचे असतील तिथे ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. वर्षानुवर्षांचा मळ आणि ग्रीस उतरले की लाकडाला जवसाचे कच्चे तेल पाजतात. फौजेतही जवसाचेच तेल वापरत. ते सावकाश सुकते आणि पातळ थरांत, दिवसांचे अंतर ठेवून हाताने चोळावे लागते. वॉर्निशची चकाकी या रायफलीला कधीच नव्हती.

नळीचा शत्रू पाणी नसून मीठ आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड राहते. हे मीठ हवेतला ओलावा ओढून नळी गंजवते आणि तेलात विरघळत नाही. म्हणून गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची फौजेची शिस्त होती. मग पुलथ्रूला चिंदी लावून नळी कोरडी करायची आणि शेवटी तेल. ज्या तुकडीने ही शिस्त पाळली तिच्या रायफलींचे आटे आजही धारदार दिसतात. ज्या नळीत गंजाने खड्डे पडले ती नळी कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. बाहेरच्या पोलादावर मात्र घाई करू नये. दुरुस्तीनंतर अनेक रायफलींवर काळा रंग चढवला गेला. तो उतरवून जुनी काळसर झाक द्यायची की रंगच इतिहास मानायचा, हे ठरवलेल्या तारखेवर अवलंबून आहे.

इथून पुढच्या अडचणी हत्यारांनी सुटत नाहीत. पहिली हवेची. इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. लाकूड आडव्या दिशेने आकसते आणि फुगते, पोलाद जागचे हलत नाही. एप्रिलमध्ये काटेकोर बसवलेला सांधा ऑगस्टमध्ये घट्ट होतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये सैल. म्हणून सांधा बसवल्यावर वर्षभर प्रत्येक ऋतूत तपासावा लागतो. भिंतीवर उन्हात टांगलेली रायफल तर हमखास तडकते.

दुसरी सुट्या भागांची. परदेशात जुने भाग विकत मिळतात. इथे बाद रायफली बहुतेक मोडीत काढल्या जातात आणि त्यांच्याबरोबर खुंट्या, कडी, चकत्याही भट्टीत जातात. नवा भाग घडवायचा तर त्यावर तो नवा असल्याची खूण हवी. जुना अनुक्रमांक पुसून जुळणारा ठोकणे ही दुरुस्ती नव्हे, बनावट आहे. आणि कायद्याच्या दृष्टीने ते त्याहून गंभीर.

तिसरी आणि सर्वांत जड अडचण कायद्याचीच. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्तीही परवान्याशिवाय करता येत नाही. फौजेचे .303 काडतूस झाडू शकणारी रायफल प्रतिबंधित गटात मोडते आणि .410 ची मस्केटही त्याच गटात. नागरिकांसाठी इशापूरने .315 बोरची रायफल काढली ती यामुळेच. यंत्रणा तीच, काडतूस वेगळे. जुनाट नमुन्याचे किंवा पुरातन मोलाचे शस्त्र कायद्यातून सुटते, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. म्हणजे वस्तुसंग्रहालयात ठेवायच्या रायफलीचे मूळ रूप बाहेरूनच परत आणता येते. चेंबर आणि नळी निकामीच राहतात. संग्राहकाला हे खटकते, पण ते योग्य आहे. झाडण्याची ताकद परत आणणे आणि रूप परत आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. अभ्यासकाला दुसऱ्याचीच गरज असते.

म्हणून या कामाची शेवटची पायरी कागदावरची आहे. रायफल हाती आली तेव्हाची छायाचित्रे, प्रत्येक छाप आणि अनुक्रमांक, कोणता भाग काढला, कोणता नवा घातला, कोणते वर्ष मूळ मानले आणि का, हे सगळे लिहून वस्तूबरोबर ठेवायचे. काढलेला भाग फेकायचा नाही. चिठ्ठी लावून जपायचा, मग तो मस्केटीचा लाकडी ठोकळा असला तरी. आज केलेला बदल उद्याच्या जाणकाराला उलटवता आला पाहिजे. ही नोंद नसेल तर सर्वांत सुबक दुरुस्तीही रायफलीच्या चरित्रातला आणखी एक न उलगडणारा फेरफार ठरते.