पहिले अणुव्रत आणि दारातले पिल्लू

भोर तालुक्यातील कामथडी हे पुणे–सातारा महामार्गालगतचे गाव. एका बाजूला अहोरात्र धावणारी वाहने, दुसऱ्या बाजूला शेते आणि पलीकडे सह्याद्रीच्या रांगा. हिवाळा सुरू झाला, की महामार्गावरील अशा गावांत दुकानाच्या पायरीशी, धान्याच्या पोत्यांच्या उबेला एखादे पिल्लू येऊन बसते. मुले त्याला उचलून घरात आणतात आणि लगेच तीन प्रश्न उभे राहतात. आई विचारते, “आपल्या घरात हे खाणार काय?” आजी म्हणते, “महाराजसाहेब गोचरीला आले आणि हे अंगावर धावले तर?” वडिलांना मात्र वाटते, “राहू द्या, दुकान राखील.”

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतातच ती आहेत. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जिवाला जखडून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव कापणे, झेपणार नाही असा भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. प्रतिक्रमणात या अतिचारांची आलोचना करणाऱ्या श्रावकाला हे शब्द परिचयाचे असतात. ते ज्या काळी सांगितले गेले, त्या काळी घरोघरी गुरे होती. आज गोठा नाही; पण पिल्लू घरात येते तेव्हा हेच पाच शब्द पुन्हा जिवंत होतात. विशेष म्हणजे भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम पाहिले, तर आखूड साखळीने बांधणे, मारणे, अंगच्छेद, अतिभार आणि उपासमार हे पाचही अपराध तेथे आढळतात.

आरंभ अन्नपाननिरोधापासून करावा, कारण जैन घराची खरी कसोटी तेथेच आहे. मांजराला मांसाहारावाचून निभावता येत नाही. कुत्र्याचे तसे नाही. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून त्याचे शरीर पिष्टमय अन्न पचवण्यास सरावले आहे. तरीही “दूध-पोळी घातली की झाले” हा समज घातक आहे. वाढत्या पिल्लाला भरपूर प्रथिने, कॅल्शियम व फॉस्फरस यांचे योग्य प्रमाण आणि ब-१२ व ड जीवनसत्त्वे लागतात. ती न मिळाल्यास पाय वाकतात, वाढ खुंटते. म्हणून पशुवैद्यांच्या सल्ल्याने पिल्लांसाठीच तयार केलेला परिपूर्ण शाकाहारी आहार द्यावा. डाळ-भात, भाकरी, दही, पनीर ही त्याला जोड. दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. त्या मानाने दही बरे. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत; ज्या घरांत ते मुळातच वर्ज्य आहेत तेथे ही चिंता उरत नाही. मात्र द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट या गोष्टी सणासुदीला घरात हमखास असतात आणि त्याही तितक्याच अपायकारक आहेत. घरात चोविहार पाळला जात असेल, तर पिल्लाचे शेवटचे जेवण सूर्यास्तापूर्वी देणे सोयीचेच. पण पाण्याचे भांडे रात्रीही भरलेले असावे. व्रत घेणाऱ्याचे असते. ते पिल्लावर लादले, तर तोच अन्नपाननिरोध. एवढी काळजी घेणे शक्य नसेल, तर पिल्लू घरात न आणता त्याला योग्य आश्रय शोधून देणे हीदेखील जीवदयाच होय.

दुसरा अतिचार वध, म्हणजे मारझोड. पिल्लाने फरशीवर लघवी केली, की त्याचे नाक तेथे घासायचे आणि वर चापट द्यायची, अशी जुनी रीत आहे. त्यातून पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे. मग ते पोत्यांच्या आड जाऊन करते. जैन तत्त्वज्ञानानुसार कुत्रा हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच आहे, आणि शिकवण, क्रिया व बोलणे ग्रहण करू शकणारा तो संज्ञी, अशी व्याख्या शास्त्रकार करतात. ज्याला मन आहे त्याला समजावता येते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर पिल्लाला दर वेळी अंगणातील त्याच जागी न्यावे. जागा कोरडी आणि जीवजंतूंपासून मोकळी आहे हे पाहून निवडावी. साधूंच्या परिष्ठापनिका समितीतील जयणा येथे गृहस्थालाही उपयोगी पडते. काम होताच तत्क्षणी शाबासकी आणि पनीरचा बारीक तुकडा द्यावा. दोन महिन्यांचे पिल्लू साधारण दोन तासांहून अधिक वेळ लघवी धरू शकत नाही. चूक त्याची नसते, घड्याळाकडे न पाहणाऱ्याची असते. आणखी एक पथ्य घरातील सर्वांनी पाळावे. आजी “बैठ”, वडील “बस” आणि नातू “सिट” म्हणू लागला, तर पिल्लू गोंधळते. शब्द एकच ठरवावा आणि शिकवणी तीन-चार मिनिटांचीच ठेवावी.

तिसरा अतिचार छेद. ऐट दिसावी म्हणून शेपूट किंवा कान कापणे हा निव्वळ छेद आहे. जातिवंत पिल्लू विकत घेण्याचा विचार असेल, तर आणखी एका गोष्टीचे स्मरण ठेवावे. पंधरा कर्मादानांतील असतीपोषणात पैशासाठी असे प्राणी पोसण्याचा निषेध आहे. तो धंदा ग्राहकाच्या पैशावरच चालतो. पायरीशी आलेल्या अनाथ पिल्लाला आसरा देण्यात हा दोष येत नाही. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये; भारतातील २०१७ च्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लाची विक्रीही करता येत नाही.

चौथा अतिभार. “दुकान राखील” ही वडिलांची अपेक्षा येथे तपासून पाहावी. लहान पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपते. त्याला रात्री ओट्यावर राखणीला बसवणे हा अतिभार तर आहेच, शिवाय भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने त्याच्या प्राणांशीही खेळ आहे. पहिल्या काही रात्री त्याचे खोके घरातल्या माणसांच्या अंथरुणाजवळ असावे. ते रडते ते हट्टाने नव्हे. आई आणि भावंडांची ऊब एकाएकी नाहीशी झालेली असते.

पाचवा राहिला बंध. महामार्ग हाकेच्या अंतरावर असताना पिल्लू मोकळे सोडणे ही दया नव्हे. प्राचीन टीकाकारांनी याबाबत सूक्ष्म विवेक केला आहे. निर्दयपणे जखडणे हा दोष. पण गरजेपुरते, सैल गाठीने, आग लागल्यास जनावर सुटू शकेल असे बांधणे निराळे. बाहेर नेताना पट्टा आणि दोरी, घरात मोकळीक, असा त्याचा आजचा अर्थ. दिवसभर खांबाला बांधलेला कुत्रा चिडका होतो, आणि चिडका कुत्रा चावतो.

या पाचांच्या जोडीला एक कर्तव्य टाळता येणार नाही, ते लसीकरणाचे. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांवरील लसी, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस आणि नियमित जंतनिर्मूलन पशुवैद्यांकडून करून घ्यावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. पिल्लाचा नुसता दात किंवा ओरखडा लागला, तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तातडीने दवाखान्यात जावे.

व्यापारी समाजाला कुत्र्यांविषयीची ही करुणा नवी नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने आणि जैन व्यापाऱ्यांच्या साहाय्याने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. आज गाईंसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेच्या मुळाशी रस्त्यावरची कुत्री होती.

आता आजीचा प्रश्न. भगवान महावीर लाढ देशात विहार करीत असताना कुत्री त्यांच्यावर धावून गेली, चावली आणि त्यांना आवरणारे लोक विरळाच होते, असे वर्णन आचारांगात आहे. दशवैकालिकात तर दारात आडवे असलेले मूल, वासरू किंवा कुत्रा ओलांडून मुनींनी आत जाऊ नये, अशी मर्यादा सांगितली आहे. पिल्लू उंबऱ्यात पसरले, तर गोचरी न घेताच महाराजसाहेब परत फिरू शकतात. म्हणून दारापासून दूर, भिंतीकडेला त्याचे आसन घालावे आणि “जागेवर” हा शब्द त्याला सर्वांत आधी शिकवावा. आसनावर शांत बसले, की शाबासकी. घरी कोणी सामायिकाला बसले, की तोच सराव करावा. आरंभी दोन मिनिटे, मग पाच, मग दहा. वयाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लू जे पाहते ते त्याला आयुष्यभर परके वाटत नाही. त्या दिवसांत त्याला शुभ्र वस्त्रे, हातातील रजोहरण आणि अनवाणी पावले दुरूनच शांतपणे पाहू द्यावीत.

चातुर्मास संपतो, कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतात आणि साधू-साध्वी महामार्गाच्या कडेने पायी चालू लागतात. पिल्ले जन्माला येण्याचे दिवसही तेच. अशा एखाद्या सकाळी दारात “धर्मलाभ” हा शब्द उमटावा, आजीने हात जोडून सामोरे जावे आणि भिंतीकडेच्या आसनावर पिल्लाने नुसते कान टवकारून बसून राहावे. तेव्हा आजीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले असेल.