मण्यार चावला तर

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, अन् साप घराकडे वळतात. नाग, घोणस, फुरसे, मण्यार हे चार फार विषारी. त्यांत मण्यार मोठा दगाबाज. जमिनीवर निजलेल्या माणसाला तो रात्री चावतो. दुखत नाही, सूज नाही. माणूस म्हणतो, मुंगी असेल! पुढे पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो.

मांत्रिकाकडे माणसे बरी झालेली आपण पाहतो. पण त्यांना बिनविषारी साप चावलेला असतो. विषावर इंजेक्शनच हवे. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

जखम कापू नका, दोरी आवळू नका. माणसाला चालवू नका. १०८ नंबरला फोन लावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही गाडी फुकट येते. गाडीला वेळ लागला तर मिळेल त्या वाहनाने निघा.