नीतिशास्त्राचा अध्यापक आणि रुग्णाची शय्या

नीतिशास्त्र ही केवळ परीक्षेपुरती विद्या, व्यवहारांत तिचा उपयोग काय, असा प्रश्न सुशिक्षित मंडळींतही पुष्कळदां ऐकूं येतो. त्यास उत्तर म्हणून एका अमेरिकन अध्यापकाचें कार्य वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

टॉम बीचम (१९३९–२०२५) हे १९७० सालीं वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. ह्यूमच्या ग्रंथांचा व्यासंग करणाऱ्या या पंडितास रुग्णालयाच्या प्रश्नांकडे वळविणाऱ्या त्या काळांत एक अघोर प्रकरण उजेडांत आलें. अलाबामांतील टस्कीगी येथें सरकारी आरोग्यखात्यानें १९३२ पासून सुमारें ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष निरीक्षणाखालीं ठेवले होते. पैकीं ३९९ जणांस उपदंश झाला होता. त्यांस रोगाचें खरें नांव सांगितलें नाहीं. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हें गुणकारी औषध सर्वमान्य झालें, तरी तेंही दिलें नाहीं! १९७२ सालीं वृत्तपत्रांनीं हें उघड केलें. १९७४ मध्यें कायदा होऊन राष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्याच्या ‘बेलमाँट अहवाला’च्या लेखनाचा मोठा भार बीचम यांनीं वाहिला.

१९७९ सालीं जेम्स चिल्ड्रेस यांच्यासह त्यांनीं वैद्यकीय नीतीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. रुग्णाच्या इच्छेचा मान, अपाय न करणें, हित करणें आणि न्याय, हीं त्यांतील चार तत्त्वें. वर्गांतील हा विचार पुढें जगभरच्या वैद्यकीय विद्यालयांत पोंचला.

यांतील पहिलें तत्त्व आमच्या घरांस अवघड वाटेल. आजार आईचा, परंतु डॉक्टर बोलतात मुलाशीं, आणि आईस मात्र ‘कांहीं विशेष नाहीं’ म्हणून सांगण्यांत येतें. यामागें माया असते, हें खरें. चरकसंहितेंतही, आयुष्य थोडें उरल्याचें सांगितल्यानें रुग्णास वा इतरांस अपाय होणार असेल तेथें वैद्यानें तें बोलूं नये, अशी आज्ञा आहे. परंतु ती आज्ञा अपायाच्या प्रसंगापुरती आहे, सरसकट मौनाची नव्हे. अपाय होईल किंवा नाहीं, हें रुग्णास विचारल्यावांचून कसें कळावें? ‘आपणांस किती जाणून घ्यावयाचें आहे?’ एवढें तरी वडीलधाऱ्यांस हळुवारपणें विचारावें. ज्यांनीं आयुष्यभर घराचे निर्णय घेतले, त्यांस स्वतःच्या देहाविषयीं अंधारांत ठेवणें ही सेवा नव्हे, असें आमचें मत आहे.