बुद्धिबळातील मोहऱ्यांचे मूल्यमापन : आंतरराष्ट्रीय व देशी पद्धती

प्रस्तावना : बुद्धिबळात राजा वगळता प्रत्येक मोहऱ्यास गुण देण्याची प्रथा आहे. प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९ हे कोष्टक सर्वपरिचित आहे. तथापि मोहऱ्याचे मोल सोबतच्या मोहऱ्यांवर व खेळाच्या नियमांवरही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हेच स्पष्ट केले आहे.

सोबतीचा परिणाम : एक उंट पटावरील एकाच रंगाच्या ३२ घरांत फिरतो, दोन्ही उंट शाबूत असल्यास सर्व ६४ घरे आवाक्यात येतात. आपल्या राजाच्या साहाय्याने दोन उंट एकट्या राजावर हमखास मात करतात. दोन घोड्यांना ती सक्तीने करता येत नाही. कोष्टकात मात्र दोन्ही जोड्यांचे गुण ६ च भरतात.

नियमांचा परिणाम : आंतरराष्ट्रीय पद्धतीत अखेरच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा बहुधा वजीर केला जातो. महाराष्ट्रात रूढ असलेल्या देशी पद्धतीत ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचते, तोच मोहरा बनते. साहजिकच हत्तीच्या घराकडे निघालेले प्यादे घोड्याच्या घराकडे निघालेल्या प्याद्याहून मोलाचे ठरते. शिवाय प्रतिपक्षाचा राजा एकटा उरल्यास ‘बुर्जी’ होऊन विजय हुकतो; म्हणून प्रतिपक्षाचा अखेरचा मोहरा मारण्याचा मोह टाळावा लागतो.

समारोप : हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तयारी करून घेताना कोष्टक ही केवळ पहिली पायरी मानावी. केवळ गुण मोजणारा विद्यार्थी उंट देऊन घोडा घेताना काहीच गमावले नाही असे समजतो आणि हातचा डाव घालवतो. मोहरा मारण्यापूर्वी पटावर मागे काय उरते, हे पाहण्याची सवय त्यास लावणे अगत्याचे आहे.