यंत्राचें मौन आणि धीराची मुदत

उत्तर येत नाहीं, तर त्या मौनाचा अर्थ काय घ्यावयाचा, हा प्रश्न मनुष्याच्या व्यवहाराइतकाच जुना आहे. सभेंत कोणी विरोध केला नाहीं, तर मौन हें संमतीचें लक्षण मानून ठराव पसार होतो. आगगाडीच्या व्यवहारांत मात्र मौन म्हणजे धोका. मुंबई-नागपूर मार्गावर अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशीं स्थानकें ओळीनें लागतात. तारयंत्राच्या जुन्या काळीं पुढील स्थानकाकडून ‘लाइन क्लियर’ आल्यावांचून मागील स्टेशनमास्तर गाडी सोडीत नसे. तार मुकी झाली, तर मार्ग अडलेला आहे असेंच धरून चालावें लागे.

कायद्याची दृष्टि याच्या नेमकी उलट. घर सोडून गेलेल्या मनुष्याची बातमी लागत नाहीं, एवढ्यावरून न्यायालय त्याला मृत मानीत नाहीं. ज्यांना त्याची वार्ता स्वाभाविकपणें कळावयास हवी, त्यांना ती सात वर्षें कळली नाहीं, तरच तो जिवंत असल्याचें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणारावर पडतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील हा नियम १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कायम आहे.

स्टेशनमास्तर एका क्षणांत वाईट तें गृहीत धरतो, कायदा सात वर्षें चांगलें तें गृहीत धरतो. आणि दोघांचेंही बरोबर आहे. दोघांनीं एकच हिशेब केलेला असतो : चूक झालीच, तर कोणती चूक अधिक महाग पडेल? मोकळ्या मार्गावर गाडी उगाच थांबली तर अर्धा तास जातो. अडलेल्या मार्गावर ती सोडली तर माणसें जातात. उलट, जिवंत मनुष्यास घाईनें मृत ठरविलें, तर त्याचा संसार आणि मालमत्ता दोन्ही मोडतात.

हाच हिशेब आज सेकंदांच्या मापानें यंत्रांना शिकवावा लागत आहे, आणि त्याचे परिणाम अमरावती-अकोल्याच्या घराघरांत पोंचत आहेत. आगगाडीचें तिकीट, बँकेचें खातें, परीक्षेचा निकाल, प्रवेशाचा अर्ज, हें सर्व आतां इंटरनेटवरून चालतें. या सेवा पुरविणारीं यंत्रें, म्हणजे सर्व्हर, बहुधा दूरच्या महानगरांत असतात. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें आपलीं केंद्रें उघडलीं. ॲमेझॉननें २०१६ मध्यें मुंबईस व २०२२ मध्यें हैदराबादेस उघडलीं. एकच केंद्र बंद पडून सगळेच लोक खोळंबूं नयेत, म्हणून मोठ्या सेवा दोन किंवा अधिक शहरांत मांडलेल्या असतात.

अकोल्यांतील विद्यार्थिनी मोबाइलवर एखाद्या संस्थेचें नांव लिहिते, तेव्हां त्या नांवाचा आंकडी पत्ता सांगणारी एक व्यवस्था असते. तिला डी. एन. एस. म्हणतात. ती इंटरनेटची पत्त्यांची वही होय. साधी वही नांवापुढें ठरलेला पत्ता देते. परंतु भारवांटणीच्या पद्धतींत वहीच्या जागीं विचार करणारा कारकून बसविलेला असतो. मुंबईचें केंद्र धडधाकट आहे काय, हैदराबादच्या केंद्रावर गर्दी किती, हें पाहून तो त्या क्षणीं योग्य तो पत्ता सांगतो. या पद्धतीचें इंग्रजी नांव ‘ग्लोबल सर्व्हर लोड बॅलन्सिंग’. दूरदूरच्या केंद्रांमधील भारवांटणी, एवढाच त्याचा अर्थ.

कारकून केंद्राची प्रकृति जाणतो कशी? तो ठराविक वेळानें हांक मारतो. समजा, दर पांच सेकंदांनीं हांक मारावयाची, प्रत्येक हांकेस दोन सेकंदांत उत्तर आलें पाहिजे, आणि ओळीनें तीन हांका वायां गेल्या तरच केंद्र बंद मानावयाचें, असा नियम ठरला. हांक मारण्याच्या ऐन आधीं केंद्र बंद पडलें, तर तें १२ सेकंदांनीं उघडकीस येईल. नुकतेंच उत्तर देऊन लगेच बंद पडलें, तर १७ सेकंद लागतील. त्यापुढें आणखी एक विलंब आहे. मोबाइल व मधलीं यंत्रें मिळालेला पत्ता कांहीं काळ लक्षांत ठेवतात. तो काळ ३० सेकंदांचा असेल, तर केंद्र बंद पडल्यानंतर ४७ सेकंदांपर्यंत कांहीं लोक बंद दारावरच धडका देत राहतील. एक हांक चुकतांच केंद्र बंद ठरविलें तर हा काळ घटेल. परंतु क्षणभर थकलेलें, पण जिवंत असलेलें केंद्र हकनाक बाद होईल, त्याची सारी गर्दी दुसऱ्यावर कोसळेल, आणि दुसरेंही थकेल. दार उघडणें-मिटणें असा हा खेळ एकदां सुरू झाला, कीं दोन्हीं केंद्रें असून नसल्यासारखीं होतात.

येथवर हांक थेट केंद्रालाच मारली जात होती. खरी नाजूक गोष्ट पुढेंच आहे. पुष्कळ ठिकाणीं प्रत्येक शहरांत एकेक कारकून असतो, आणि हे कारकून आपापल्या केंद्राची खबर एकमेकांस कळवितात. नेटस्केलर नांवाच्या यंत्रांत याकरितां स्वतंत्र संदेशपद्धति आहे. आतां मुंबई व हैदराबाद यांमधील हा संदेशमार्गच तुटला तर? हैदराबादच्या कारकुनास मुंबईची खबर येईनाशी होते. पण खबर बंद झाली म्हणजे मुंबईचें केंद्र बंद झालें काय? मुळींच नाहीं. मृग नक्षत्राच्या पहिल्या वादळांत गांवाचा टेलिफोन बंद पडला, म्हणून गांव वाहून गेलें असें कोणी समजत नाहीं.

तरीही या यंत्रांत धीराची मुदत मुळांत शून्य असते. संदेशमार्ग तुटतांच पलीकडील सेवा तत्काळ बंद म्हणून नोंदली जाते. हा स्टेशनमास्तरचा बाणा झाला. व्यवस्थापकास तो पसंत नसेल, तर त्यानें ही मुदत सेकंदांत ठरवून द्यावी, अशी सोय आहे. तेवढ्या काळांत शेवटची कळलेली स्थितीच खरी धरली जाते. मुदतींत मार्ग जुळला, तर कोणास कांहीं कळतही नाहीं. न जुळला, तरच केंद्र बंद ठरतें.

मुदत किती असावी? येथें पाठ करावयाचें सूत्र नाहीं. परंतु दोन कुंपणें निश्चित आहेत. आपला संदेशमार्ग तुटला तर बहुधा किती वेळांत पुन्हां जुळतो, हें मागील नोंदींवरून पाहावें. मुदत त्याहून थोडी अधिक हवी. दुसरें, केंद्र खरोखरच गेलें असेल, तर लोकांस किती वेळ बंद दारावर पाठविणें आपणांस परवडेल, हें ठरवावें. मुदत त्याहून कमी हवी. मार्ग बहुधा २० सेकंदांत जुळत असेल, तर ३० सेकंदांचा धीर शहाणपणाचा. ६०० सेकंद ठेवले आणि त्याच वेळीं मुंबईचें केंद्र बुडालें, तर निम्मे लोक दहा मिनिटें एका मृत पत्त्यावर जात राहतील. प्रवेशअर्जाच्या शेवटच्या सायंकाळीं या दहा मिनिटांची किंमत अमरावतीच्या एखाद्या घरांत एका वर्षाइतकी होऊं शकते.

धीर केवळ मृत्यु ठरवितांनाच नव्हे, पुनर्जन्म ठरवितांनाही लागतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत वीज जाऊन परत येते, तेव्हां फ्रिजचा स्टॅबिलायझर लगेच वीज आंत सोडीत नाहीं. दोन-तीन मिनिटें थांबतो, कारण आंतील वायूचा दाब समतोल होण्यापूर्वीं काँप्रेसर चालला तर तो जळण्याचें भय असतें. तद्वतच नव्यानें सुरू झालेल्या कारकुनास आपल्या हाताखालील सेवांची विचारपूस पुरी करावयास वेळ लागतो. त्यापूर्वीं तो जें कळवील, तें अर्धवट असणार. म्हणून ‘शिकण्याचा काळ’ अशी दुसरी मुदत ठरवितां येते. त्या काळांत इतर शहरांचे कारकून त्यानें कळविलेली स्थिति प्रमाण मानीत नाहींत.

येथें एक खुलासा आवश्यक आहे. या मुदती ऐकीव बातमीसाठीं आहेत. कारकुनानें पलीकडील सेवेवर स्वतःची थेट टेहळणी बसविली असेल, तर संदेशमार्ग तुटला तरी तो आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो, आणि पहिली मुदत लागूच होत नाहीं. ऐकण्याहून पाहणें बरें, हा न्याय यंत्रांसही लागू आहे.

परंतु सगळ्याच सेवांचा निर्णय यंत्रावर सोंपवितां येत नाहीं. वेळापत्रक दोन केंद्रांतून एकदम दिलें गेलें तरी बिघडत नाहीं. पैशाच्या खात्याचें तसें नाहीं. दोन्हीं केंद्रें एकमेकांस मृत समजून एकाच खात्यावर स्वतंत्रपणें लिहूं लागलीं, तर दोन वह्या तयार होतात आणि कोणती खरी हें सांगतां येत नाहीं. म्हणून तेथें निवाडा मनुष्य करतो. आणि मनुष्याचाही धीर कधीं मर्यादा ओलांडतो.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्यें हाच प्रसंग आला. दूरसंचाराच्या जोडण्यांत बिघाड होऊन धोक्यावर नजर ठेवणारी व्यवस्था अडली, आणि सकाळीं ११-४० च्या सुमारास व्यवहार थांबविण्यांत आले. ते पुन्हां सुरू झाले दुपारीं ३-४५ ला, आणि त्या दिवशीं ५ वाजेपर्यंत चालले. अशाच संकटासाठीं दूर चेन्नईस पर्यायी केंद्र सज्ज होतें. परंतु व्यवहार तिकडे वळविले गेले नाहींत. चार तास देशभरचे गुंतवणूकदार अर्धवट व्यवहार हातांत घेऊन बसले. मुख्य केंद्र आतां सुरू होईल, मग होईल, या आशेवर धरलेला धीर महाग पडला.

त्यानंतर महिन्याभरांत, मार्च २०२१ मध्यें, सेबी या नियामक संस्थेनें अशा संस्थांना मुदती आंखून दिल्या. महत्त्वाची यंत्रणा अडली, तर ३० मिनिटांच्या आंत ती आपत्ति म्हणून घोषित करावी, आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत् करावें, पर्यायी केंद्रावरून करावें लागलें तरी. पुढें शनिवार, २ मार्च २०२४ रोजीं शेअरबाजारांनीं एक खास सत्र घेतलें. पहिला भाग मुख्य केंद्रावरून, दुसरा पर्यायी केंद्रावरून. जो जिना आगीच्या वेळीं उतरावयाचा, तो एरवीं एकदां तरी उतरून पाहिलेला बरा.

गृहस्थाश्रमी मनुष्यास यांतून घेण्यासारखें थोडें, पण उपयोगाचें आहे. पान उघडलें नाहीं, तर बोट आपटीत न राहतां एखादें मिनिट थांबून पुन्हां पाहावें. तेवढ्यांत जुना पत्ता विसरला जाऊन नवा मिळण्याचा संभव असतो, आणि थकलेल्या केंद्रावरील गर्दीही वाढत नाहीं. जे अशा सेवा चालवितात, त्यांची जबाबदारी मोठी. यंत्राच्या एका चौकटींत भरलेला ‘३०’ हा आंकडा दिसावयास क्षुल्लक. पण मौनाचा अर्थ काय व कोणती चूक अधिक महाग, याचा निवाडा त्यांत सांठविलेला असतो. चौकट कोरी सोडली, तरी निवाडा होतोच. फक्त तो विचार न करतां झालेला असतो.