स्त्रीबीज नेमके कधी बाहेर पडते?

गर्भधारणेसाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांना ‘पाळीचा चौदावा दिवस लक्षात ठेवा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो सरसकट चुकीचा नसला, तरी साधारण २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रियांपुरताच त्याला आधार आहे. इतरांनी त्यावर विसंबून राहिल्यास योग्य दिवस महिन्यामागून महिने हातचे निसटतात आणि पदरी अकारण निराशा येते.

मासिक चक्राचा उत्तरार्ध, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढील पाळीपर्यंतचा काळ, बहुतेक स्त्रियांमध्ये सुमारे दोन आठवड्यांचा असतो. कमी-अधिक होतो तो मुख्यतः पूर्वार्ध. जपानचे डॉ. क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. हर्मन क्नाउस यांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे केलेल्या संशोधनातून ही बाब पुढे आली. त्यामुळे दिवस मोजायचे ते पुढील पाळीपासून मागे. पाळी २४ दिवसांनी येत असेल तर बीज दहाव्या दिवसाच्या आसपास, आणि ३२ दिवसांनी येत असेल तर अठराव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडते.

सहा दिवसांचे गणित

बाहेर पडलेले स्त्रीबीज १२ ते २४ तासच फलनक्षम राहते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या नोंदींवर आधारित अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्याच काळातील संबंधांतून गर्भधारणा झाल्याचे त्यात आढळले. म्हणजेच बीज बाहेर पडल्यानंतर धावाधाव करण्यापेक्षा त्याआधीची चिन्हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

शरीर देते ती चिन्हे

स्राव : यातील सर्वांत उपयुक्त चिन्ह म्हणजे योनीमार्गातील स्राव. एरवी तो घट्ट व चिकट असतो किंवा जाणवतही नाही. बीज बाहेर पडण्याआधीच्या काही दिवसांत मात्र तो अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा व ताणला जाणारा होतो. हेच गर्भधारणेला अनुकूल दिवस. स्रावाला दुर्गंधी येत असेल किंवा खाज सुटत असेल, तर तो संसर्ग असू शकतो.

तापमान : सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी रोज एकाच वेळी तापमान मोजल्यास बीज बाहेर पडल्यानंतर ते साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढलेले दिसते. परंतु ही वाढ कळते तेव्हा वेळ बहुधा निघून गेलेली असते. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून पुढील अंदाज बांधण्यासाठीच तिचा उपयोग. ताप आला असल्यास किंवा जागरण झाल्यास ही नोंद फसवी ठरते.

वेदना : काही स्त्रियांना या सुमारास ओटीपोटात एका बाजूला हलकीशी कळ जाणवते. ती सर्वांनाच जाणवते असे नाही.

लघवीची तपासणी : औषधांच्या दुकानात मिळणारे किट लघवीतील ‘एलएच’ या संप्रेरकाची वाढ दाखवते. त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडते. ‘पीसीओएस’ असलेल्या स्त्रियांमध्ये हे संप्रेरक एरवीही वाढलेले असू शकते. त्यांनी केवळ किटवर भिस्त ठेवू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

स्त्रीचे वय ३५ पेक्षा कमी असल्यास वर्षभराच्या, तर त्याहून अधिक असल्यास सहा महिन्यांच्या प्रयत्नांनंतर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पाळी फारच अनियमित असल्यास इतके थांबण्याचे कारण नाही. आपल्याकडे तपासण्यांची सुरुवात स्त्रीपासून होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. वीर्यतपासणी तुलनेने सोपी व कमी खर्चाची असते. ती सुरुवातीलाच करून घेतल्यास स्त्रीच्या वाट्याला येणारे अनेक उपचार आणि बोल दोन्ही टळू शकतात.

तारखांच्या हिशेबाचाच ताण होत असेल, तर संपूर्ण चक्रात दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे हाही तितकाच शास्त्रीय मार्ग आहे. त्यात अनुकूल दिवस आपोआप येतात.